एसी लावला की किंचाळणारा बेल्ट: जुन्या छोट्या गाडीतला आवाज घरच्या घरी कसा शोधायचा आणि कसा थांबवायचा

मे महिन्यातली दुपार, पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचा लांबलचक सिग्नल. एसीचं बटण दाबलं की बोनेटखालून आधी बारीक ‘टक्’ येतं आणि पाठोपाठ ‘चिर्रर्र’. शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघतो. आपण एसी बंद करतो, आवाज थांबतो, काचा खाली घेतो आणि उकाड्यात घरी येतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी नेली की दोन मिनिटांत बेल्ट ओढून, म्हणजे ताण वाढवून, मिळतो. आठ-दहा दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

आमच्याकडे एका उन्हाळ्यात हे तीनदा झालं. गाडी बाबांची, वीस वर्षांच्या घरात आलेली, पण आतून नीट राखलेली. चौथ्या वेळी मी स्वतःच पाना घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होते. खालच्या मजल्यावरच्या काकांची उभी हयात पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. ते फिरायला निघाले होते, उघडं बोनेट बघून थांबले.

“काय गं, परत ओढतेस?”

“हो काका. ढिला पडतोय सारखा.”

“ढिला पडतोय की त्याला कुणी धरून ठेवतंय? ती मधली पुली हातानं फिरवून बघितलीस का?”

बघितली नव्हती. बेल्ट उतरवून ती पुली बोटांनी फिरवली तर आत वाळूचे कण असावेत तशी खरखर हाताला लागली. बेअरिंगमधलं ग्रीस कधीच संपलं होतं. ती पुली अडखळत होती, बेल्ट तिच्यावरून घसरत होता आणि आम्ही तीन वेळा बेल्ट ओढून त्याच बेअरिंगवर आणखी भार टाकला होता. म्हणून या लेखात बेल्ट ओढणं शेवटी येतं. आधी आवाज नेमका कुणाचा ते शोधायचं.

दोन बेल्ट, दोन कामं

मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, वॅगन-आर या पिढीच्या छोट्या गाड्यांत साधारणपणे दोन बेल्ट दिसतात. (पॉवर स्टिअरिंग असेल तर काही गाड्यांत तिसराही असतो.) एक बेल्ट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि इंजिन गार ठेवणारा वॉटर पंप यांच्याकडे जातो. त्याला सगळे ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. रेडिएटरचा पंखा या गाड्यांत विजेवर चालतो, बेल्टचा त्याच्याशी संबंध नाही, पण नाव टिकून आहे. दुकानात तेच नाव सांगा. दुसरा बेल्ट क्रँकवरून एसीच्या कॉम्प्रेसरकडे, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाकडे, जातो, बहुतेक वेळा मध्ये एक छोटी मोकळी पुली घेऊन. तिला आयडलर किंवा टेन्शनर पुली म्हणतात. बेल्टचा ताण तिच्यावरच कमी-जास्त होतो. काही गाड्यांत आयडलर नसतो. तिथे कॉम्प्रेसरच त्याच्या ब्रॅकेटवर सरकवून ताण द्यावा लागतो.

एसी बंद असतानाही कॉम्प्रेसरची पुली फिरतच असते, पण नुसती. बटण दाबलं की पुढचा चुंबकी क्लच चिकटतो. ते ‘टक्’ त्याचंच. त्या क्षणी कॉम्प्रेसर इंजिनाकडून दोन ते चार अश्वशक्ती खेचायला लागतो. मारुती ८००चं सगळं इंजिन मिळून साधारण ३७ अश्वशक्तीचं. कात्रजच्या जुन्या घाटात चढाला लोक एसी का बंद करायचे ते यावरून कळतं. हा सगळा भार एका बोटभर रुंदीच्या रबरी पट्ट्यावरून जातो. त्याची पकड जरा कमी पडली की तो घसरतो, घसरला की तापतो आणि तापला की त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होते. गुळगुळीत बेल्ट आणखी घसरतो. म्हणून आवाज काढणारा बेल्ट तसाच महिनाभर चालवला की नुसता ओढून भागत नाही, बदलावा लागतो.

तुमच्या गाडीत एकच लांब बेल्ट सगळं फिरवत असेल, तर बेल्ट काढून इंजिन चालवण्याची जी चाचणी पुढे आहे ती करू नका. वॉटर पंप थांबेल आणि इंजिन तापेल.

आवाज कुणाचा?

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी सुरुवात करा आणि सोबत एक माणूस घ्या. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बोनेटपाशी उभं राहून ऐकायचं. हात खिशात.

एसी बंद ठेवून गाडी सुरू करा. चालू केल्या केल्या पाच-दहा सेकंद चिरचिर होऊन थांबली, तर संशय फॅन बेल्टवर. गाडी स्टार्ट करताना बॅटरी जरा उतरते, म्हणून अल्टरनेटर सुरुवातीला जास्त ओढतो. खात्री करायला हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकदम लावा. आवाज वाढला तर एसीच्या बेल्टला हात लावू नका, काम दुसऱ्या बेल्टचं आहे. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत चाक एका बाजूला पूर्ण वळवा. तेव्हा किंचाळलं तर त्या पंपाचा बेल्ट.

आता एसी लावा. ‘टक्’ बरोबर एकदाच चिरकून गप्प झाला, तर ताण थोडा कमी आहे. एसी चालू असेपर्यंत सतत ओरडला, तर बेल्ट बराच ढिला किंवा गुळगुळीत झालाय, नाहीतर कॉम्प्रेसर जड फिरतोय. चालत्या गाडीत शांत आणि सिग्नलला उभं राहिलं की आवाज, असं असेल तर पुढचा पंखा बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लागला की कंडेन्सरसमोरचा (एसीचा गॅस गार करणाऱ्या, रेडिएटरसारख्या जाळीसमोरचा) पंखा फिरायला हवा. तो बंद असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ, पिंपळाची पानं, किडे गच्च बसले असतील, तर गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसरला ढकलायला जास्त जोर लागतो आणि बेल्ट घसरतो. बेल्ट नवा टाकला तरी हा आवाज परत येणार. जाळी पाण्याच्या साध्या धारेनं धुवा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं तिची पातळ पाती आडवी होतात.

आवाजाचा प्रकारही ओळखता येतो. लांब, ताणलेलं ‘चिर्रर्र’ हे घसरण्याचं. चिमणीसारखं तुटक ‘चिव-चिव-चिव’, इंजिनच्या वेगाबरोबर भरभर होणारं, हे पुल्या एका रेषेत नसल्याचं. आणि दळणाच्या जात्यासारखी ‘घर्रर्र’ म्हणजे बेअरिंग. ही घरघर एसी बंद असतानाही येत असेल आणि एसी लावल्यावर बदलत असेल, तर कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग तपासायला हवं.

इस्त्रीच्या पाण्याची फवारा-बाटली इथे फार कामाची. इंजिन मंद चालू, एसी चालू, आवाज येतोय, अशा वेळी हात लांब ठेवून बेल्टच्या आतल्या, रेषांच्या (लांबीभर उठलेल्या रबरी पट्ट्यांच्या) बाजूवर दोन फवारे मारा. आवाज लगेच वाढला तर ताण कमी आहे. आवाज गायब होऊन थोड्या वेळात परत आला तर पुल्यांची रेष चुकली आहे. पाणी फक्त बेल्टवर मारा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारी डबी) आणि प्लगच्या वायरी भिजवू नका, नाहीतर गाडी बंद पडून भलतीकडेच शोधाशोध सुरू होईल.

तरी गोंधळ असेल तर शेवटची खूण. ज्या गाडीत एसीचा बेल्ट फक्त कॉम्प्रेसर फिरवतो, तिथे तो बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट सुरू करा. आवाज तसाच? मग एसी निर्दोष. आवाज गेला? मग बेल्ट, आयडलर आणि कॉम्प्रेसर या तिघांतच शोधा.

हात घालण्याआधी

इंजिन थंड हवं. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा, गाडीत नको. बॅटरीची ऋण तार, म्हणजे वजा खूण असलेली, सोडून बाजूला करा. गरम इंजिनावर रेडिएटरचा पंखा किल्ली काढलेली असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्याच्या पात्यांत बोट असेल तर काय होईल ते सांगायला नको. ओढणी काढून ठेवा, बांगड्या, अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र काढून ठेवा किंवा शर्टाच्या आत घ्या. अंगठी बॅटरीच्या तारेला आणि बॉडीला एकदम टेकली तर बोट भाजतं, हे एकदा जवळून बघितलं आहे.

बहुतेक मारुतींत पुल्या ड्रायव्हरच्या बाजूला, चाकाच्या अंगाला असतात. वरून हात पुरत नसेल तर पुढचं चाक काढून आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्यातून हात घालावा लागतो. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक रुतून कलतो, म्हणून खाली जाड फळी घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवून ठेवायची सवय चांगली. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसते.

सामान फार नाही. १०, १२ आणि १४ नंबरचे रिंग पाने आणि सॉकेट, चाकाचा पाना, गंजलेले नट सोडवायचा स्प्रे, जुना टूथब्रश, फूटपट्टी, खडू, टॉर्च आणि सुती फडकं. या गाड्यांतलं बरंचसं काम बारा-चौदाच्या पान्यांवर होतं, पण तुमच्या नटावर बसेल तोच पाना घ्या. सैल पाना लावून नटाच्या कडा गोल झाल्या की अर्ध्या तासाच्या कामाला अर्धा दिवस लागतो.

बेल्ट उतरवणं

आधी मोबाइलवर फोटो काढा. बेल्ट कुठून कुठे जातो, कुठल्या पुलीवर पाठीनं बसतो, हे दोन तासांनी आठवत नाही. बेल्टच्या पाठीवर खडूनं फिरण्याच्या दिशेचा बाण काढा. तोच बेल्ट परत लावायचा झाला तर त्याच दिशेनं लावायचा.

आयडलर पुलीच्या मधोमध एक नट असतो, त्यानं पुली जागच्या जागी आवळलेली असते. बाजूला किंवा वर एक लांब बोल्ट असतो, तो फिरवला की पुली सरकते. क्रम महत्त्वाचा: आधी मधला नट अर्धा-पाऊण फेरा ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. मग लांब बोल्ट सोडत जायचं. मधला नट न सोडता बोल्टवर जोर लावला तर बोल्टचे आटे जातात. गंज असेल तर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. पुण्यात पाऊस, धूळ आणि पुन्हा पाऊस, यात हे बोल्ट चांगलेच धरतात.

आयडलर नसलेल्या गाडीत कॉम्प्रेसरचे ब्रॅकेटचे बोल्ट थोडे ढिले करून कॉम्प्रेसर इंजिनाकडे ढकला. मात्र कॉम्प्रेसरच्या गॅसच्या नळ्यांना, त्यांच्या जोडांना पाना लावायचा नाही. गाडी उभी असतानाही आत गॅस दाबाखाली असतो, उन्हाळ्यात ६ बारच्या वर. डोळ्यात किंवा हातावर उडाला तर गोठून इजा करतो. नळीवर तेलकट डाग दिसला तर तो गळतीचा, आणि ते काम एसीवाल्याचंच.

बेल्ट ढिला झाला की हातानं निघतो. फॅन बेल्ट आतल्या बाजूला असेल तर त्याचीही तब्येत बघायची हीच वेळ, कारण त्यासाठी बाहेरचा बेल्ट नाहीतरी काढावाच लागतो.

पुल्या काय सांगतात

बेल्ट हातात आल्यावर लगेच दुकानात पळू नका. इथे दहा मिनिटं बसा.

आयडलर बोटांनी फिरवा. चांगलं बेअरिंग आवाज न करता, किंचित जड, ग्रीसच्या पकडीत फिरतं आणि लवकर थांबतं. खरखर लागली किंवा पुली भोवऱ्यासारखी सुटी गरागरा फिरत राहिली, तर ग्रीस संपलंय. पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खुळखुळ जाणवली तर बदला. बहुतेक वेळा सगळी पुली बदलायची गरज नसते, बेअरिंग दाबून काढता-बसवता येतं. त्याच्या कडेला नंबर कोरलेला असतो. ६२०३ असेल तर आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० मिमी, रुंदी १२ मिमी. तुमच्याकडे जो नंबर असेल तो पुढच्या अक्षरांसकट लिहून घ्या, आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच घ्या. आपल्याकडच्या धुळीत उघडं बेअरिंग टिकत नाही.

मग कॉम्प्रेसर. पुली वेगळी आणि तिच्या पुढची क्लचची चकती वेगळी, हे ध्यानात घ्या. पुली मोकळी, शांत फिरायला हवी. चकती हातानं फिरवली की थोडा सारखा विरोध लागून फिरायला हवी, म्हणजे आतला कॉम्प्रेसर जिवंत आहे. चकती हलतच नसेल तर कॉम्प्रेसर जाम. मग बेल्टवर पैसे घालवू नका, नवा बेल्ट तासाभरात जळेल.

पुल्यांच्या खाचा टॉर्चच्या उजेडात बघा. पावसाळ्यातलं चिखलाचं पाणी खाचांत बसतं, इंजिनाच्या उष्णतेनं भाजतं आणि विटेसारखं कडक होतं. आमच्या क्रँक पुलीच्या दोन खाचा अशा भरल्या होत्या की टूथब्रशनं निघेनात, बांबूची टोकदार काडी करून खरवडाव्या लागल्या. लोखंडी पातं वापरू नका, खाचेला ओरखडा पडला की तो दरवेळी बेल्ट कापतो. जुन्या पद्धतीचा एकाच पाचरीचा बेल्ट असेल तर खाचेचा तळ बघा. तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट खाली बसतोय. या बेल्टनं पकड दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घ्यायची असते, तळाला टेकायचंच नसतं.

फूटपट्टी क्रँकच्या पुलीच्या चेहऱ्यावर आडवी धरून बाकीच्या पुल्या त्याच रेषेत येतात का ते बघा. एखादी आत-बाहेर दिसली तर कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचे बोल्ट तपासा. ते ढिले पडले की कॉम्प्रेसर तिरका होतो आणि ‘चिव-चिव’ सुरू होते. ब्रॅकेटवर एकाच बाजूला काळी रबराची पूड साचलेली असेल तर तिकडेच बेल्ट घासतोय.

आता बेल्ट. आतली बाजू बाहेर वळवून बघा. पूर्वीच्या रबराचे बेल्ट भेगा पडून म्हातारे व्हायचे, नवे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे झिजतात, भेगा दिसतच नाहीत. म्हणून ‘तडे नाहीत, चांगला आहे’ हा निष्कर्ष फसवा. रेषांमधली दरी उथळ आणि गोल झाली असेल, आतली बाजू चकचकीत असेल, कडेचे धागे सुटले असतील, तर बदला. हाताला तेलकट लागला तर तेल कुठून येतंय ते आधी शोधा: वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं सील, किंवा वॉटर पंपातून झिरपलेलं कूलंट, ज्याचा हिरवट-पांढरा डाग राहतो. तेल प्यायलेला बेल्ट धुऊन सुधारत नाही, पेट्रोलनं पुसला तर रबर फुगतं. गळती थांबवून नवा टाका.

साबण, मेणबत्ती, टाल्कम पावडर, बाजारात मिळणारे चिकट स्प्रे, यातलं काहीही बेल्टला लावू नका. साबणानं दहा मिनिटं शांतता मिळते आणि घसरण वाढते. चिकट स्प्रेवर धूळ बसते आणि खाचांत पुन्हा तोच चिखल तयार होतो.

नाना पेठेत जाताना

पुण्यात गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. तिथे जुना बेल्ट सोबत न्या. पाठीवर आकडा असतो, समजा ४पीके ८५०. म्हणजे चार रेषा आणि ८५० मिमी लांबी. आकडा पुसला गेला असेल तर गाडीचं मॉडेल, साल आणि पेट्रोल की डिझेल ते सांगा. पॉवर स्टिअरिंग आहे का तेही सांगा, कारण त्यावरून लांबी बदलते. जुना बेल्ट नव्याशेजारी धरून लांबी जुळवताना जुना थोडा लांब भरेल, तो ताणलेला असतो. रेषांची संख्या मात्र तंतोतंत हवी.

मारुती ८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण नाना पेठेतल्या दुकानांत तिचे बेल्ट, बेअरिंग अजून सहज मिळतात. इंडिका तर पिंपरीचीच. बेल्ट काही शेकड्यांत येतो, त्यामुळे दोन नामांकित कंपन्यांतला स्वस्त की महाग यावर घासाघीस करण्यापेक्षा खोका, छपाई आणि बेल्टवरचा आकडा जुळतो का ते बघा. नकली माल याच छोट्या वस्तूंत जास्त असतो. फॅन बेल्टही त्याच वयाचा असेल तर दोन्ही घ्या. तो तुटला तर वॉटर पंप थांबतो आणि बॅटरी भरणं बंद होतं. काही डिझेल गाड्यांत तर ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो, म्हणजे ब्रेकही जड होतो.

बसवणं आणि ताण

आयडलर पूर्ण ढिला असू द्या. फोटो बघून बेल्ट चढवा. स्क्रू ड्रायव्हर घालून पुलीवरून ओढू नका, आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. मग प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सगळ्या रेषा खाचांत बसल्या का ते तपासा. घरी काम करताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: एक रेष खाचेबाहेर. पन्नास किलोमीटरमध्ये बेल्ट उभा फाटतो.

आता बोल्ट फिरवून ताण द्या. सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्यानं साधारण १० किलोचा दाब दिला की बेल्ट ६ ते १० मिमी दबायला हवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. १० किलोचा दाब म्हणजे किती, हे हाताला कळत नाही. घरातल्या वजनकाट्यावर अंगठा दाबून काटा १०वर आणा, चार-पाच वेळा करा, हाताला सवय होते. दोन पुल्यांवर फूटपट्टी टेकवून बेल्ट दाबला की खाली किती मिलिमीटर गेला ते सरळ दिसतं. नवा बेल्ट जरासा घट्टच, म्हणजे ६ मिमीच्या जवळ ठेवा, तो बसताना सैलावतो.

त्याहून जास्त ओढण्याचा मोह आवरा. बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजायला लागला की आवाज नक्की थांबतो, पण तो भार आता आयडलर, कॉम्प्रेसर आणि क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. आमची आयडलर पुली अशीच गेली.

ताण जमला की मधला नट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळताना पुली थोडी सरकते आणि ताण बदलतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. पुलीच्या बाजूनं बघताना मारुतीच्या या इंजिनांची क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते. बेल्ट कुठे चढतोय का, हे तेव्हाच कळतं. पाना काढला का ते दोनदा बघा, मगच बॅटरी जोडा.

इंजिन सुरू करा, एसी लावा, ब्लोअर पूर्ण, आणि रेस मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास धरा. पाच मिनिटं ऐका. मग बंद करून इंजिन थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा मोजा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत एकदा. नवे बेल्ट पहिल्या आठवड्यात सैल होतात, आणि हा दुसरा हात न फिरवल्यानं ‘नवा टाकला तरी आवाज’ ही तक्रार येते.

तरीही ओरडला तर

बेल्ट नवा, पुल्या मोकळ्या, रेष बरोबर, पंखा चालू, तरी एसी लागला की आवाज, असं असेल तर गॅस जास्त भरलेला असण्याची शक्यता बघा. उन्हाळ्याच्या तोंडावर हात लावून ‘नळी थंड झाली’ एवढ्यावर गॅस भरला जातो. बोनेटखाली स्टिकर असेल तर त्यावर किती ग्रॅम गॅस लागतो ते छापलेलं असतं. एसीवाल्याला म्हणा, “दादा, आतला गॅस काढून वजनावर भरा, आणि दोन्ही बाजूंचे दाब मला दाखवा.” चांगला कारागीर यावर चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं.

पावसाळ्यात एसी फक्त गारव्यासाठी नसतो. आतल्या हवेतलं दमटपण तो काढून घेतो, म्हणून समोरची काच पटकन स्वच्छ होते. त्यामुळे जून ते सप्टेंबर ‘आवाज येतो म्हणून एसी लावत नाही’ हे घाटात धोक्याचं. साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर मिनिटभर चिरचिर होऊन थांबली तर काळजी नको, बेल्ट ओला झाला होता, वाळला. रोज कोरड्या रस्त्यावरही होत असेल तर वरची फवाऱ्याची चाचणी पुन्हा करा. चाकामागचा तो प्लॅस्टिकचा पडदा जागेवर आहे ना, हेही बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो कधीतरी फाटून गेलेला असतो आणि चाकाचं सगळं पाणी थेट पुल्यांवर उडतं. आमच्या गाडीत तो नव्हताच. नवा पडदा चार क्लिपांवर बसला आणि गेल्या पावसाळ्यात खाचांत चिखल साचला नाही.

उतरवलेला बेल्ट तेलकट किंवा फाटका नसेल तर टाकू नका. कागदात गुंडाळून, वर तारीख आणि किलोमीटर लिहून डिकीत ठेवा, बाराचा आणि चौदाचा पाना सोबत.